मुऱ्हाळीचा जोडा

अक्का, खांदा बदलला नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण तू पहिलं तेच विचारलं असतं. तुझ्या ओट्यावरून उचललं ते थेट पांझरा नदीच्या काठावर ठेवलं. मध्ये विसाव्याला टेकवलं ते रीत म्हणून. मी दमलो म्हणून नाही. तुझा प्रकाश सारखा जवळ यायचा, "मामा, द्या आता." मी त्याला मान हलवून नाही म्हटलं नाही, कारण मानेला लागून तू होतीस. नुसतं डोळ्यांनी सांगितलं, सरक.

प्रकाश म्हणतो, मामा, उत्तरकार्याला छोटी पुस्तिका वाटायची आहे, आईवर चार ओळी लिहा. जन्म कुठला, लग्न कधी, पेन्शन किती, ते सगळं त्याचं त्याने लिहावं. त्याला अक्षर आहे. मी चौथीपर्यंत गेलो. मास्तर माझ्याशी भांडले, मी शाळेशी भांडलो, शाळा अजून तिथेच आहे आणि मीही माझ्या शेतात आहे. मला लिहायचं ते तुझ्या आणि माझ्या पायांबद्दल. लोक म्हणतील, मेलेल्या बहिणीवर लिहायला बसला आणि पाय काय घेऊन बसला. म्हणू देत. आपलं सगळं भांडण पायावरूनच होतं आणि त्या भांडणात मजा होती.

तुझे पाय जन्माचे सपाट. तळव्याला मधली खोलगट कमानच नाही. लग्नात उंबरठा ओलांडताना तू कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून आत गेलीस, तेव्हा फरशीवर लक्ष्मीची पावलं उमटायला हवी होती, टाच वेगळी, चवडा वेगळा, मध्ये बारीक कड. तुझी उमटली भाकरीसारखी, सगळीच्या सगळी. तुझी सासू म्हणाली, "ह्या ते बदकना पाय शेतस व माय!" बायका हसल्या. तू नवी नवरी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. आणि पदराच्या आतून आवाज आला, "आत्याबाई, तुमना घर अख्खी लक्ष्मी वनी. अर्धी पाहिजे व्हती का?"

तू हे मला शंभरदा सांगितलंस. दर वेळी सासूचा आवाज वेगळा काढायचीस. पण शेवटी तू स्वतः एवढी हसायचीस की मलाही हसू यायचं. आमच्या घरातली पोरगी बोलण्यात कोणाला हरली नाही, याचा मला तेव्हापासून गर्व आहे. आजही आहे.

त्या सपाट पायांवर तू आश्रमशाळेचा स्वयंपाक केलास. साक्रीच्या वर, डोंगराच्या अंगाला ती शाळा. सकाळी अंधारात उठून चुलीपाशी उभं राहायचं ते रात्रीची भांडी होईपर्यंत. खाली दगडी फरशी. पातेली अशी की दोघींनी धरावी लागत. पोरं दीडशेच्या वर आणि सगळ्यांना गरम पोळी हवी. पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. घोटे आत झुकले. गुडघे बोलायला लागले. तू म्हणायचीस, संध्याकाळी बसले की पाय माझे नाहीत, कोणीतरी उसने दिलेत, असं वाटतं.

मग तुला धुळ्याची ती डॉक्टरीणबाई भेटली. तिने काय केलं, तुझा पाय ओला केला आणि फरशीवर ठेवायला लावला. तू बघितलंस, परत तीच भाकर. तू म्हणालीस, "हे मला माझ्या सासूने फुकटात सांगितलं होतं." बाई हसली. म्हणाली, आजी, सासूने नावं ठेवली, मी आधार देते. तिने तुझ्या मापाची गादी बनवून दिली. गादी म्हणजे झोपायची नाही, बुटाच्या आत तळव्याखाली बसते ती. मध्ये फुगीर, टाचेला वाटीसारखी, आणि कडक. आणि सांगितलं, ही चपलेत बसणार नाही, टाच धरून ठेवणारा बूट घ्या, लेसचा.

लुगड्याखाली बूट! काळे, लेसचे, पोराने शाळेत घालावे तसे. तुझ्या शाळेतल्या पोरांनी तुझं नावच ठेवलं, बूटवाली मावशी. गावातल्या बायका म्हणायच्या, पोलिसात लागली का काय. मी स्वतः म्हणालो होतो, "अक्का, परेडला चालली का?" तू म्हणालीस, "हां. पहिली सलामी तुलेच देसू, थोबाडवर."

पण तू चाललीस. हे कोणी नाकारू नये. ज्या बाईला साठीच्या आत काठी लागेल असं सगळे म्हणत होते, ती पेन्शनीत आल्यावरही फाट्यापर्यंत पायी जाऊन भाजी विकत आणायची. तुझ्याबरोबरच्या बायका ओट्यावर बसून पाय चोळायच्या आणि तू त्यांच्या समोरून टाकटाक निघून जायचीस. जाताना मुद्दाम बूट आपटायचीस. ते मला तुझ्या धाकट्या जावेने, सोनाबाईने सांगितलं. तुझ्यातला हा गुण आपल्या बापाचा. जिंकलं की आवाज करायचा.

आता माझं.

माझी टाच गेली ती कापसामुळे. फवारणीचा पंप पाठीवर, पायात काही नाही, ढेकळं तुडवत दिवसभर. आयुष्यभर तेच केलं आणि पायाने कधी तक्रार केली नाही. मग एका सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला आणि टाचेत खिळा ठोकला कोणीतरी. खरंच मी वाकून बघितलं, खिळा आहे का. थोडं चाललं की कमी व्हायचं. बसून उठलं की परत. सकाळचं पहिलं पाऊल तर असं की तोंडातून शिवी निघाल्याशिवाय ते पडत नसे. तुझी भावजय म्हणायची, देवाचं नाव घ्या. मी म्हणायचो, देवाला टाच असती तर त्यानेही शिवीच दिली असती.

मी वीट तापवून तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकली. पाराच्या गप्पांत जे जे कोणी सांगितलं ते केलं. मग पारोळ्याच्या बाजारातून सगळ्यात मऊ चप्पल आणली. दुकानदार म्हणाला, आबा, लोण्यात पाय ठेवल्यासारखं वाटेल. वाटलं. लोण्यात उभं राहून कोणी नांगर धरतो का? पाय आत बुडत गेला, टाच जास्तच ठणकायला लागली. मी ती चप्पल कुत्र्याला दिली. कुत्र्यानेही सोडून दिली.

हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं. कारण मला माहीत होतं तू काय करशील.

पण आखाजी आली, अक्षय्य तृतीया. आपल्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि सासरवाशिणीला आणायला जातो तो मुऱ्हाळी. तुझा मुऱ्हाळी मी. बाप गेला तेव्हापासून एकही आखाजी मी चुकवली नव्हती. एसटीने फाट्यावर उतरायचं, तिथून तुझ्या दारापर्यंत पायी यायचं. तू ओट्यावर उभी. मी दिसलो की आत जाऊन पिशवी उचलायची, जणू आत्ताच कळलं. नंतर गाड्या आल्या, तरी मी पायीच यायचो. मुऱ्हाळीने चालत यायचं, हे तूच लहानपणी मला सांगितलं होतंस.

त्या वर्षी माझ्याने चालवेना. मी भिकनला, माझ्या पोराला, गाडी घेऊन पाठवलं. भिकन संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत आला. तोंड एवढंसं. म्हणाला, "आत्या येत नाही म्हणते."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मले गाडी नको. मुऱ्हाळी कोठे शे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, त्याना पाय दुखतस. तर म्हणाली, मंग पाय बरा होऊ दे. मी मन्हा घरमाच शे. डायवरसंगे मी माहेरले येत नही."

पोराला डायवर म्हणालीस! भिकन अजून ते विसरलेला नाही, तुझ्या दहाव्याला घाटावर सगळ्यांना सांगत होता आणि रडत होता.

ती आखाजी घरात रिकामी गेली. झोका बांधला होता, त्याच्यावर कोणी मोठं बसलं नाही. पुरणपोळी झाली आणि मी ताट सरकवून उठलो. मी रागावलो होतो तुझ्यावर, एवढा की फोन घेतला नाही. पण रागावलेल्या माणसाला दिवसभर घरात बसून काय कळतं, तर एकच गोष्ट. आता ही बाई मी चालत गेल्याशिवाय या घरात येणार नाही. मेली तरी येणार नाही. आणि मी चालू शकत नव्हतो. माहेर माझ्या टाचेपाशी येऊन अडकलं होतं.

मग तुझाच निरोप आला. धुळ्याच्या स्टँडवर भेट. निम्मं मी येते, निम्मं तू ये. हे माहेरपण नाही, हा बाजार आहे.

मला वाटलं, कापडचोपड घ्यायचं असेल. मी गेलो लंगडत. तू स्टँडवर उभी, काळे बूट, पायात मोजे, डोळ्यांवर गॉगल. मी म्हणालो, "हे काय?" तू म्हणालीस, "मोतीबिंदूचा शे. चल." आणि रिक्षात घालून सरळ त्या डॉक्टरीणबाईकडे. मी दारात अडलो. "मन्हा पाय शेतस. मी पाही लेसू." तू बाईला आत हाक मारून म्हणालीस, बाहेर एक बैल उभा आहे, आत येत नाही, तुमच्याकडे कासरा आहे का? बसलेले सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. आत जावं लागलं.

बाईने माझाही पाय ओला केला आणि फरशीवर ठेवायला सांगितला. आणि अक्का, तो क्षण मी विसरणार नाही. माझा पाय काय उमटला! टाच वेगळी, चवडा वेगळा, मध्ये काहीच नाही. रांगोळीतली लक्ष्मी पण एवढी बारीक नसते. मी तुझ्याकडे बघितलं. म्हणालो, "बघ. आपल्या घरात कोणाचे पाय चांगले होते ते कळलं ना आता?"

बाई म्हणाली, बाबा, तुमची कमान फार उंच आहे. तुमच्या बहिणीच्या पायाला कमानच नाही, तुमच्या पायाला गरजेपेक्षा जास्त आहे. दोन्हीत तळव्याला ताण बसतो. तुमचा मधला भाग जमिनीला टेकतच नाही, सगळं वजन टाचेवर आणि बोटांवर पडतं. उंच कमानीच्या खाली आधार भरावा लागेल.

तू तर टाळीच वाजवलीस. "कमान उंच शे! मी जन्मभर तेच म्हनस. माज सगळा पायमाच शे!"

त्यानंतर बूट घ्यायला दुकानात गेलो. मला ते दुकान जन्मभर आठवेल. तू एकेक बूट हातात घ्यायचीस आणि पिळायचीस, ओलं लुगडं पिळावं तसं. मधून मुडपला की परत. पुढे बोटांपाशी वाकला तर चालेल, मधून वाकला तर नको. टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबायचीस, दबली की परत. दुकानदार घामाघूम. "आजी, तोडू नका, विकायचे आहेत." तू म्हणालीस, "तोडला तर घेत नाही. न तुटला तर घेते. बोल, तुझा फायदा कशात?" शेवटी एक जोडा तुझ्याने तुटला नाही. तपकिरी, जड, कुरूप. मी म्हणालो, हा घालून मी गावात गेलो तर लोक म्हणतील दगडू आबा नोकरीला लागला. तू म्हणालीस, "सांग, हां, बहिणीकडे. पगार नही, शिव्या मिळतस."

गादी तयार होऊन आली तेव्हा ती घालून पहिले दिवस मला वाटलं, बुटात कोणी खडा ठेवला आहे. बाईने सांगितलं होतं, आधी थोडा वेळ घाला, मग रोज वाढवत जा, पाय सवय करून घेईल. मी पहिल्याच दिवशी घालून पूर्ण शेत फिरलो. कोणी मला हळूहळू म्हटलं की मला राहवत नाही. रात्री पोटऱ्या अशा ओढल्या की ओरडलो. दुसऱ्या दिवशी गादी काढून घरावरच्या मातीच्या धाब्यावर फेकली.

संध्याकाळी तुझा फोन. "गादी घाली का?"

"घाली."

"खोटं बोलस. आवाज अनवानी येई ऱ्हायना."

आता सांग, आवाज अनवाणी कसा येतो? पण तुला यायचा. मी धाब्यावर चढून गादी शोधून आणली. कावळ्याने एक कोपरा टोचला होता. तो अजून तसाच आहे.

मग मी शहाण्यासारखं केलं. थोडं थोडं वाढवलं. सकाळी उठायच्या आधी खाटेवरच पंच्याने तळवा ओढून घ्यायचा, बाईने शिकवलं तसा. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. तुझी भावजय शेजारणीला सांगायची, ह्यांचं काय, रोज सकाळी भिंत ढकलतात, एक दिवस पलीकडे तुमच्या घरात येतील. हसू दे. हळूहळू खिळा बोथट झाला. मग एक दिवस पाय खाली टाकला आणि मी शिवी दिली, सवयीने, आणि लक्षात आलं की दुखलं नव्हतं. शिवी वाया गेली.

पण घरात मी जोडा घातला नाही. इथे आपलं जुंपलं. तू म्हणायचीस, बाईने सांगितलंय, कडक फरशीवर अनवाणी चालायचं नाही, घरातही आधाराची चप्पल पाहिजे. मी म्हणायचो, घरात? चुलीपाशी? देवापाशी? आपल्या बापाने खळ्यातसुद्धा चप्पल घातली नाही. तू म्हणालीस, तुझ्या बापाच्या खळ्यात फरशी नव्हती, माती होती, तीच त्याची गादी होती. मी म्हणालो, माझा बाप तुझा पण बाप आहे. तू म्हणालीस, म्हणून तर सांगते.

मग, पुढच्या आखाजीनंतर कधीतरी, तू एक नवी सँडल घेऊन आलीस, मागे पट्ट्याची, आतून फुगीर. म्हणालीस, ही बाहेर कधी जाणार नाही. हिला उकिरडा माहीत नाही, गोठा माहीत नाही. ही घरातच जन्मली, घरातच मरेल. हिचं नाव घरजावई. तुझी भावजय हसून खाली बसली. मी म्हणालो, घरजावयाला माझ्या घरात मान नाही. आणि ती सँडल फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवून दिली. त्या दिवशी तू चहा न पिता गेलीस. दोन दिवस फोन नाही. मग फोन केलास, "घरजावई जेवला का?"

पण हे नंतरचं, मी ती पुढच्या वर्षीची आखाजी सांगणार होतो.

त्या आखाजीला मी फाट्यावर एसटीतून उतरलो. पायात तपकिरी जोडा, आत गादी, कावळ्याने टोचलेली. कंडक्टर म्हणाला, आबा, रिक्षा थांबवू का? मी म्हणालो, तुमच्या गाडीत बसलो हेच खूप झालं. आणि चालायला लागलो. ऊन असं की डांबर मऊ झालं होतं. मी ताठ चाललो, अक्का. मला माहीत होतं कोणीतरी पोरगं धावत जाऊन तुला सांगेल आणि तू बघत असशील. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा ओट्यावर तू होतीस, शेजारी सोनाबाई, मागे अख्खा शेजार.

तू माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. पहिलं पायाकडे बघितलंस. आधी उजव्या, मग डाव्या. मग वर.

"वना का मुऱ्हाळी?"

"वनू, अक्का."

"लंगडत वना?"

"तूच पाह्य."

तू वळलीस. आत जाऊन पिशवी आणलीस. ती आधीच भरलेली होती, हे मला बाहेरून दिसत होतं. पण पदर तोंडाला लावून आत बराच वेळ लावलास. ते मला कळलं आणि मी ते त्या वेळी बोललो नाही. आत्ता बोलतो. मीही ओट्याकडे पाठ करून उभा राहिलो होतो, डोळ्यात धूळ गेली म्हणून.

त्या वर्षी आपल्या घरी झोका जसा गेला तसा कधी गेला नाही. तू ऐंशीच्या घरातली बाई, काळे बूट घालून झोक्यावर उभी राहिलीस. भिकनची बायको ओरडत होती, आत्या, पडाल. तू म्हणालीस, पायाखाली काय आहे ते माहीत आहे मला. तिथेच, झोका थांबल्यावर, मी तुला म्हणालो, तुझ्या वेळी खांदा मीच देईन, शेवटपर्यंत.

"तू? निम्मा रस्तामा बसशी."

"शेवटलगून देसू. बदलनार नही."

"जोडा घालीसन का अनवानी?"

"अनवानी. रीत शे."

"मंग बसशीच," तू म्हणालीस आणि मला झोक्याला धक्का द्यायला लावलास. ते भांडण तिथेच राहिलं. तुला वाटलं मी ऐकेन, मला वाटलं तू विसरशील.

तू विसरली नाहीस, मेलीस. झोपेत. कोणाला उठवलं नाहीस, हे तुझं पहिलंच.

तुझ्या ओट्यावर सगळे जमले. तिरडी बांधून झाली. खांद्याला उभे राहिले ते सगळे अनवाणी. प्रकाश, त्याचा पोरगा, भिकन. पुढच्या उजव्या बाजूला मी. आणि मी पायातला जोडा काढायला वाकलो. खरं सांगतो, वाकलो. रीत मोडणारा मी नाही. लेस धरली आणि तुझा आवाज आला, झोक्यावरचा. मंग बसशीच. आणि मला दिसलं की हा रस्ता तोच आहे. तुझ्या दारापासून फाट्यापर्यंत, आणि फाट्याच्या पलीकडे नदी. याच रस्त्याने मी येत होतो आणि तू पिशवी घेऊन माझ्या मागून चालायचीस. रीतीसाठी मी रस्त्यात बसलो असतो तर तुला कोणाच्या तरी दुसऱ्याच्या खांद्यावर जावं लागलं असतं. डायवरसंगे.

मी लेस परत बांधली. घट्ट.

तुमच्या गावचे एक वयस्कर नाना पुढे आले. "भाऊ, जोडा काढा. मयतीला कोणी जोडा घालीसन खांदा देतस का?"

मी म्हणालो, "हा जोडा माझा नाही. हिने घातला आहे. हिला विचारा, काढू का."

नानांचं तोंड लाल झालं. आणि मग ओट्यावरून सोनाबाई बोलली, तुझी ती जाऊ, जिच्यासमोरून तू बूट आपटत जायचीस. रडून रडून आवाज बसला होता तिचा. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना. ती ऱ्हाती ते तुम्हलेच शिव्या देती." आणि अक्का, लोक हसले. तुझ्या मयतीत लोक हसले. तुझ्या लग्नात हसले होते तेव्हा तुझ्यावर हसले होते. या वेळी तुझ्या बाजूने हसले. मी हे मोजून ठेवलंय.

मग सोनाबाई आत गेली आणि तुझे काळे बूट घेऊन आली. म्हणाली, हे पण पायापाशी ठेवा, वर खडकाळ असेल. कोणी नाही म्हणालं नाही. नानाही नाही.

आपण निघालो. टाच बोलली, नाही असं नाही. तू वजनाने एवढीशी राहिली होतीस, पण रस्ता तो होता. विसाव्यापाशी पुढचे मागे झाले, मी मागे झालो, खांदा तोच. बाकीच्यांचे खांदे केव्हाच बदलले होते, भिकन म्हणाला, बाबा, आता द्या. मी म्हणालो, मुऱ्हाळी मी आहे. फाट्यावर एसटी थांबली होती. ड्रायव्हरने गाडी बंद केली, लोकांनी आतून हात जोडले. मी ताठ चाललो. जसा आखाजीला येताना चालायचो तसा. नदीच्या उतारावर पाय घसरेल असं मला वाटलं होतं, पण जोड्याने धरलं. तो तू पिळून पारखला होतास. तो कसा मुडपेल?

काठावर तुला खाली ठेवलं तेव्हा मी पहिल्यांदा बसलो. आणि बसलो ते सगळ्यांच्या नंतर.

तर भांडण तू जिंकलंस. सगळ्यांसमोर कबूल करतो, कारण हरलो तो तुझ्याकडून हरलो, ऐऱ्यागैऱ्याकडून नाही. मी जिंकलो ते वेगळं. मी म्हणालो होतो बदलणार नाही, बदलला नाही. दोघंही जिंकलो, असा भांडणाचा शेवट आपल्या घरात पहिल्यांदाच झाला.

घरी आल्यावर कोनाड्यातलं फडकं सोडलं. घरजावई बाहेर काढला. तुझी भावजय बघत होती, तिने नुसता चहा ठेवला. आता मी तो घालून ओसरीत फिरतो, चुलीपाशी जातो. सकाळचं पहिलं पाऊल त्याच्यातच पडतं. देव्हाऱ्याच्या अलीकडे मात्र काढून ठेवतो. तिथे अनवाणीच. तेवढं मी सोडणार नाही, तुला जे करायचं ते कर.

दहाव्याला प्रकाश म्हणत होता, मामा, येत्या आखाजीला आईच्या नावाची घागर भरू. तुम्ही येणार ना? मी गाडी पाठवतो.

मी म्हणालो, गाडी पाठवलीस तर रिकामी परत जाईल. मी फाट्यावर उतरून पायी येईन.

तो म्हणाला, "मामा, आता कोणाला न्यायला पायी येणार?"

"न्यायला नाही. दाखवायला येणार."

"काय दाखवायला?"

मी म्हणालो, "पाय."